लग्न ठरलंय, आणि दोघांत बोलणंच अडतंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात आमचं लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे. लग्न ठरलेली जोडपी फोटोग्राफरकडे हसत जातात, कापड दुकानात नटून जातात. आमच्याकडे येईपर्यंत दमलेली असतात. दोन्ही घरांनी आतापर्यंत जे बोलायचं टाळलं, ते सगळं पत्रिकेच्या मजकुरात वर येतं. कोणाचं नाव आधी, कोणाचं नावच नाही, आणि ही तारीख ठरवली तरी कोणी? काउंटरवर प्रूफ ठेवलं की दहा मिनिटांत मला कळतं, ही दोघं एकमेकांशी बोलतात की एकमेकांना नुसते निरोप पोचवतात.

मी समुपदेशक नाही. पण काउंटरपलीकडून तेच ते प्रश्न ऐकून ऐकून उत्तरं तोंडपाठ झालीत. ती एकदाची लिहून काढलीत.

लग्न ठरल्यावर दोघांनी आधी काय बोलावं? तारीख, कार्यालय की पैसे?

माणसं किती, हे आधी. तारीख गुरुजी काढतील, कार्यालय जे रिकामं असेल ते घ्यावं लागेल. पण ताटं, खुर्च्या, पत्रिका, पाण्याचे टँकर, बाहेरगावच्या पाहुण्यांच्या खोल्या हे सगळं माणसांच्या आकड्यावर चालतं. समजा ताटाला २५० रुपये धरले. ५०० माणसांचे सव्वा लाख होतात, १२०० माणसांचे ३ लाख. मधले पावणेदोन लाख कोणाच्या तरी खिशातून जाणार असतात, आणि बहुतेक वेळा तो खिसा कोणाचा हे दोघांपैकी एकालाच माहीत असतं.

'आपण थोडक्यात करू' यावर दोघांचंही लगेच एकमत होतं. इथंच फसगत होते. एकाचं थोडक्यात २०० माणसांचं असतं, दुसऱ्याचं ८०० चं. म्हणून दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर आकडा लिहावा आणि मग कागद समोर ठेवावेत. आमच्या दुकानात एका जोडप्याने हे पत्रिकेच्या पाकिटांवर केलं. तिचे १५०, त्याचे १,१००. दोघंही आधी हसले, मग गप्प झाले, आणि मग बाहेरच्या कट्ट्यावर बसून पाऊण तास बोलले. ऑर्डर त्या दिवशी मिळाली नाही, पण पुढच्या आठवड्यात मिळाली.

त्यानंतर पैशांचं एक वाक्य दोघांनीही आकड्यासकट बोलायचं: 'आमच्या घरातून कर्ज न काढता एवढे निघतील.' लाज वाटते, मान्य आहे. बहिणीच्या लग्नाचं कर्ज अजून फिटलं नाही, वडिलांचा यंत्रमाग बंद आहे, भावाची फी भरायची आहे, हे होणाऱ्या बायकोला किंवा नवऱ्याला सांगणं जड जातं. पण नंतर ते तिसऱ्याच्या तोंडून कळलं तर दुप्पट जड जातं.

तो सारखा 'घरचे म्हणतात' असं सांगतो. मग मी काय बोलायचं?

दहातल्या सहा भांडणांची सुरुवात मी याच दोन शब्दांनी झालेली पाहिली आहे. (सहा हा माझा अंदाज. मोजायला वही ठेवलेली नाही.)

'आई म्हणते डीजे पाहिजे.' यातून काय कळलं? आईला डीजे हवाय, एवढंच. याला हवाय का? नकोय, पण आईपुढे तोंड उघडत नाही? की यालाच हवाय आणि आईचं नाव पुढे केलंय? ऐकणारी बिचारी तिन्ही शक्यता डोक्यात घेऊन रात्रभर जागते आणि सकाळी भलत्याच शक्यतेवर भांडते.

वाक्य पुरं करायची सवय लावा. 'आईला डीजे हवाय. मला नकोय. मी अजून तिच्याशी बोललेलो नाही, रविवारी बोलतो.' एवढ्यात सगळं आलं: त्यांचं मत, स्वतःचं मत, आणि गाडी कुठे अडली आहे. तो एवढं आपणहून बोलत नसेल तर तुम्ही विचारा, 'आणि तुला?' दोनच शब्द, पण ते न चिडता विचारायला सराव लागतो.

याचाच जुळा भाऊ म्हणजे 'बघू'. आपल्याकडे 'नाही' म्हणायला जीभ रेटत नाही, म्हणून 'बघू' म्हणतात. सांगणाऱ्याच्या मनात तो नकार असतो आणि ऐकणाऱ्याच्या मनात होकार. 'बघू'च्या पुढे वार लावून घ्या. 'गुरुवारपर्यंत बघू' चालेल. नुसतं 'बघू' चालणार नाही.

आणखी एक, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपल्या घरच्यांशी ज्याने त्याने बोलावं. सासूला नकार द्यायचं काम होणाऱ्या सुनेवर टाकू नये, आणि सासऱ्यांकडे हिशोब मागायचं काम होणाऱ्या जावयावर टाकू नये. आणि बोलताना जोडीदाराला पुढे करू नये. एकदा एक मुलगा आमच्या काउंटरवर उभा राहून आईला फोनवर म्हणाला, 'तिला सोनेरी पत्रिका नको म्हणते ती.' ती शेजारीच उभी होती. तिने असं काहीच म्हटलं नव्हतं. महाग वाटली होती ती त्यालाच. तिने प्रूफ खाली ठेवलं आणि न बोलता स्कूटीकडे चालू लागली. 'आमचं दोघांचं ठरलंय' एवढं तो म्हणाला असता तर आईचा राग दोघांत वाटला गेला असता. आता सोनेरी पत्रिका नाकारणारी सून म्हणून ती पोर पुढची दहा वर्षं ऐकणार.

याद्यांच्या बैठकीत आम्ही दोघांनी बोलायचं का?

बैठकीत बोलायला तुम्हाला कोणी संधी देईल असं वाटत नाही. मामा, काका, मध्यस्थ, गावाकडचे एक अण्णा आणि लिहायला बरं अक्षर असलेला एखादा चुलतभाऊ, हीच मंडळी याद्या करतात. जेवण कोणाकडे, कपडे कोणाचे, मानपानाला किती साड्या, किती टोप्या-टॉवेल, दागिने कोणी काय घालायचे. मुलगी आत चहा गाळत असते आणि मुलगा मोबाइल बघत असल्याचं दाखवतो.

म्हणून तुमची बैठक त्याच्या आधीच व्हायला हवी. आदल्या रात्री फोनवर अर्धा तास पुरतो. दोनच गोष्टी ठरवा. एक, कोणत्या गोष्टी मोठ्यांवर सोडायच्या. फेटे कोणत्या रंगाचे, मानाच्या साड्या किती, हे सोडा. त्यात त्यांचा आनंद आहे. दुसरी, कोणत्या गोष्टीवर आपापल्या घरी आधीच ठाम सांगून ठेवायचं. ती यादी तीन-चार ओळींची असावी. वीस ओळींची झाली तर मोठ्यांना वाटेल, ही पोरं नुसती भांडायला बसलीत, आणि ते काही चुकीचं नाही.

आपल्या गावाचं सगळ्यात मोठं लग्न, म्हणजे ग्रामदैवत सिद्धेश्वरांचं, दरवर्षी जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत लागतं. भोगीच्या दिवशी संमती कट्ट्यावर संमतीचं वाचन होतं, 'दिड्डम दिड्डम, सत्यम सत्यम' ऐकू येतं आणि लाखभर हात अक्षता टाकतात. त्या कट्ट्याचं नावच संमती आहे, हे याद्यांना बसणाऱ्या एखाद्या मामांना सहज बोलता बोलता ऐकवून बघा. आमच्या मामांना मी ऐकवलं होतं. ते म्हणाले, 'लई शहाणी झालीस.' पण त्या दिवशी त्यांनी मला आतून बाहेर बोलावून घेतलं, हेही खरं.

हुंडा नको म्हणाले, पण 'मुलीला जे द्यायचं ते द्या' असंही म्हणाले. याचा अर्थ काय घ्यायचा?

अर्थ मुलाला विचारा, आणि सरळ विचारा: 'तुझ्या घरच्यांना काही अपेक्षा आहे का? असेल तर मला आत्ता कळायला हवी.' तो गडबडला तरी चालेल, उत्तर मात्र हवं.

१९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याप्रमाणे हुंडा देणं, घेणं आणि मागणं हे तिन्ही गुन्हे आहेत, आणि देण्याघेण्याला किमान ५ वर्षं कैदेची तरतूद आहे. स्वखुशीने दिलेल्या भेटवस्तू वेगळ्या. पण त्यासाठीही १९८५ चे नियम आहेत: प्रत्येक वस्तूचं वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं लिहून यादी करायची, त्यावर सही करायची. मुलीला मिळालेल्या वस्तूंची यादी मुलीने ठेवायची, मुलाला मिळालेल्या मुलाने. आहेराची वही आपल्याकडे घरोघरी असतेच. तीच जरा नीट भरली तर हे काम होऊन जातं. दोघांनी मिळून ती भरली तर 'तुमच्याकडून आलं, आमच्याकडून आलं' हा विषयही बराचसा मिटतो.

मुलगा 'मी काय बोलणार, वडील बघतात' म्हणाला, तर पत्रिका छापायला टाकू नका. आमचा धंदा बुडाला तरी चालेल.

तो पुण्यात नोकरीला, मी इथे. सगळं बोलणं व्हॉट्सॲपवर होतं आणि रोज काहीतरी गैरसमज होतो.

सोलापूरच्या निम्म्या जोडप्यांचं हेच आहे. शुक्रवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने येणारा मुलगा शनिवारी कार्यालयं बघतो, रविवारी सासरी जेवतो आणि परत जातो. दोघांना निवांत बोलायला मिळतात ती सासरच्या जिन्यातली पाच मिनिटं.

मेसेजवर फक्त माहिती पाठवा: पत्ता, वेळ, फोटो, पावती. मत, राग, रुसवा आणि पैसे फोनवर. 'ठीक आहे' हे दोन शब्द मेसेजवर कधीही ठीक नसतात. त्यामागे सुस्कारा आहे की खरंच पटलंय, हे आवाजातच कळतं.

आठवड्यातून एक फोन फक्त लग्नाच्या कामाचा ठेवा, दिवस ठरवून. बाकी दिवशी लग्नाचा विषय काढायचा नाही. आम्ही बुधवार ठेवला होता. बाकीच्या दिवशी काही आठवलं तर वहीत लिहायचं आणि बुधवारी काढायचं. बुधवार येईपर्यंत निम्म्या गोष्टी आपोआप सुटलेल्या असायच्या आणि उरलेल्यांवरचा राग उतरलेला असायचा. फोन झाला की जे ठरलं ते एकाने चार ओळींत लिहून पाठवायचं: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. हिशोबही त्यातच. दोन्ही घरांचा मिळून जो ग्रुप असतो त्यात हे टाकू नका. तिथे आत्या असते.

बस्त्याच्या दिवशी आमचं कडाक्याचं भांडण झालं. सगळ्यांचं होतं का?

होतं. चाटी गल्लीत सकाळी ११ ला शिरलेली चौदा माणसं दुपारी ४ वाजता उपाशीपोटी शालूच्या रंगावर बोलत असतील तर दुसरं काय होणार?

कोणासाठी किती साड्या आणि कितीपर्यंत, हे घरीच लिहून न्या. नवरीच्या शालूला किती जणांचं मत लागणार, हेही आधीच ठरवा. माझं मत विचाराल तर दोन. ती आणि तिने निवडलेली एक व्यक्ती. नवऱ्याने त्या वेळी 'तुला आवडेल ते घे' म्हणू नये. ऐकायला गोड वाटतं, पण दुकानात सासू, नणंद आणि मावशी असताना तो निर्णय एकटीच्या अंगावर पडतो. 'मला हिरवा आवडला, तुला?' असं काहीतरी बोला. चुकलं तरी चालेल. आणि जेवून निघा.

सासरी घरात कन्नड बोलतात. माझ्यासमोर बोलतात आणि मला काही कळत नाही. हे त्याला कसं सांगू?

माझं माहेर मराठी आणि सासर कन्नड, त्यामुळे यावर मी लांबलचक बोलणार.

आपल्या गावात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू एकाच गल्लीत ऐकू येतात, आणि भाजी घेताना आपण सगळेच थोडं थोडं सगळं बोलतो. पण भाजी घेणं वेगळं आणि होणाऱ्या सासूच्या हॉलमध्ये बसणं वेगळं. साखरपुड्यानंतर पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा सासूबाई आणि मोठ्या जाऊबाई कन्नडमधून काहीतरी बोलल्या आणि हसल्या. मी घरी येऊन रडले. चार दिवस त्याच्याशी धड बोलले नाही. शेवटी त्याने खोदून विचारलं, मी सांगितलं, आणि तो पोट धरून हसला. गच्चीवरची टाकी भरून वाहत होती आणि सासरे मोटर बंद करायला उठत नव्हते, एवढाच विषय होता.

चार दिवस गेले ते भाषेमुळे गेले असं मला वाटत नाही. मी विचारलं नाही म्हणून गेले. तेव्हा त्याला असं सांगा: 'तुमच्या घरी बसले की मला बाहेरची असल्यासारखं वाटतं. तू शेजारी बस आणि मधूनमधून मला सांगत जा.' 'तुझी आई मुद्दाम करते' असं सांगू नका. तुम्हाला काय होतं ते सांगितलं तर तो ऐकेल. आईवर आरोप केला तर आईची बाजू घेईल, आणि तुमच्या आईवर कोणी केला तर तुम्हीही तेच कराल. त्यांच्या बाजूनेही एक सांगते: माणसं स्वतःच्या घरात स्वतःच्याच भाषेत बोलणार. मी 'गोत्तिल्ला' हा पहिला शब्द शिकले, म्हणजे 'माहीत नाही'. दुसरा 'ऊट आयता', जेवण झालं का. या दोनवर मी पहिलं वर्ष काढलं.

विधींचंही असंच. लग्नाचा मुख्य क्षण कोणता, हे दोन्ही घरांत वेगळं असू शकतं. मराठी लग्नात मंगलाष्टका संपतात, अंतरपाट सरकतो, अक्षता पडतात, तोच क्षण. तेलुगू घरांत मुहूर्ताला वधूवर एकमेकांच्या डोक्यावर जिरं-गूळ ठेवतात, जीलकर्रा-बेल्लम म्हणतात त्याला. त्यांच्या दृष्टीने लग्न तेव्हा लागलं. पुढे तलंब्रालु, म्हणजे एकमेकांच्या डोक्यावर ओंजळीने तांदूळ ओतणं, आणि त्यात दोन्हीकडची मंडळी चेकाळतात. हे एकमेकांना आधी सांगितलं नाही तर एका बाजूची माणसं मुठीत अक्षता धरून वाट बघत बसतात आणि लग्न लागूनही गेलेलं असतं. दोघांनी एका संध्याकाळी बसून आपापल्या घरचे विधी क्रमाने लिहा. कोणता विधी आईला जिवापाड हवाय आणि कोणता नुसता रीत म्हणून चाललाय, यावर खूण करा. मग दोन्ही गुरुजींना, किंवा गुरुजी आणि स्वामींना, एकदा समोरासमोर बसवा. फोटोग्राफरलाही कागदाची एक प्रत द्या.

पत्रिकेतल्या नावांवरून दोन्हीकडे ताणलंय. तुमचं काय म्हणणं?

पत्रिका दोन्ही घरं वेगळ्या छापतात, हा आपल्याकडे मोठा फायदा आहे. आपल्या पत्रिकेत आपली भावकी हवी तेवढी घाला. निमंत्रक, व्यवस्थापक, संयोजक, खाली 'माझ्या मामाच्या लग्नाला नक्की यायचं हं' म्हणणारी किलबिल, सगळं. दोघांनी मिळून फक्त सहा गोष्टी जुळवायच्या: दोघांची नावं, दोघांच्या आईवडिलांची नावं, तारीख, वार, मुहूर्त आणि ठिकाण.

हे मी अनुभवाने सांगते. एकदा आमच्याच दुकानात मुलाकडच्या पत्रिकेत मुहूर्त १२ वाजून ३१ मिनिटं छापला आणि मुलीकडच्या पत्रिकेत १२ वाजून १३ मिनिटं. कंपोझ करताना आमच्याकडूनच आकडे उलटे झाले होते. प्रूफ मुलीच्या भावाने पाहिलं, मुलाच्या काकांनी पाहिलं. त्या दोघांनी एकमेकांचं पाहिलं नाही. पाचशे पत्रिका आम्ही पदरच्या पैशाने पुन्हा छापल्या. तेव्हापासून मी दोन्ही प्रूफं दोघांच्या हातात देते, आणि एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने बोट ठेवून बघायचं, असं सांगते.

आई नसेल, वडील वेगळे राहत असतील, सावत्र नातं असेल, तर आपल्या जोडीदाराला आधी सांगा आणि त्यानंतर आमच्याकडे या. काउंटरवर पहिल्यांदा ते ऐकणाऱ्याचा चेहरा मला बघवत नाही. 'कै.' लावायचं की नाही, वेगळ्या झालेल्या वडिलांचं नाव घ्यायचं की नाही, हे ज्याचं घर त्याने ठरवावं. दुसऱ्याने फक्त 'तुला काय बरं वाटेल?' असं विचारावं.

लग्नानंतर नाव, आडनाव बदलायचं का? यावर बोलायला त्याला आवडत नाही.

कायद्याने कोणतंही बंधन नाही. बदलायचं असेल तर आधार, पॅन, बँक, पासपोर्ट सगळीकडे एकच नाव राहील याची काळजी घ्या. ताटातल्या तांदळात नवं नाव लिहायची पद्धत तुमच्याकडे असेल तर ते लग्नाआधीच बोला. मांडवात, पन्नास माणसांसमोर, कोणीतरी सुचवलेलं नाव अंगठीने लिहिलं जातं आणि तेव्हा 'नको' म्हणता येत नाही.

त्याला नोंदणी करून साधं लग्न हवंय, मला मांडव, हळद, वरात सगळं हवंय.

आधी 'साधं' कशासाठी हवंय ते विचारा. पैशांची काळजी, गर्दीची भीती, वडिलांशी पटत नाही, की खरंच विधींवर विश्वास नाही? चारही ठिकाणी उत्तर वेगळं निघतं. पैशांची काळजी असेल तर माणसं कमी करून हळद ठेवता येते. विश्वासाचा प्रश्न असेल तर त्याला दिवसभर पाटावर बसवून हौस भागणार नाही.

विशेष विवाह कायद्याने, म्हणजे १९५४ च्या, लग्न करायचं तर ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते, दोघांपैकी एक जण त्या जिल्ह्यात त्याआधी किमान ३० दिवस राहिलेला असावा लागतो आणि लग्नाच्या वेळी ३ साक्षीदार लागतात. मांडवात लग्न केलं तरी महाराष्ट्रात त्याची ९० दिवसांच्या आत नोंदणी करायची असते. ते काम कोण करणार हेही आत्ताच ठरवा. लग्नानंतर दोघंही 'तू करशील' म्हणून बसतात आणि व्हिसाच्या वेळी धावपळ होते.

डीजे, प्री-वेडिंग शूट, ड्रोन?

ज्याला हवं त्याने त्याचा खर्च बोलावा. शूटला एकाला लाज वाटत असेल तर सिद्धेश्वर तलावाच्या काठावर दोन साधे फोटो काढा आणि घरी या. रात्री १० नंतर लाउडस्पीकरला बंदी आहे, त्यामुळे वरातीची वेळ आधी, गाण्यांचं भांडण नंतर.

तारीख कोणती धरावी, यावर आमचं जमत नाही.

तुळशीचं लग्न लागल्याशिवाय आपल्याकडे कोणी हलत नाही. जानेवारीत यात्रेच्या दिवसांत गावात गाडी लावायला जागा नसते. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर आणि नळाला रोज पाणी नाही. यातलं काय कोणाला चालेल ते ठरवा. ज्याच्या आजीला उन्हात बसवत नाही, त्याचं मत जास्त धरा.

भांडण झालं की ती बोलणंच बंद करते. काय करू?

तिला वेळ द्या, पण कधी बोलायचं ते विचारून ठेवा. 'उद्या रात्री फोन करू का?' एवढा मेसेज पुरे. तेवीस मिस्ड कॉल करू नका, आणि तिच्या मैत्रिणीला मध्यस्थ करू नका. आणि तुम्ही बोलणं बंद करणाऱ्यांपैकी असाल तर नुसतं गायब होऊ नका. 'मला आत्ता राग आलाय, उद्या बोलते' हे सांगायला अर्धं मिनिट लागतं. समोरचा ती रात्र झोपू शकतो.

फोन लागल्यावर आधी त्याच दिवसाचं बोला. साखरपुड्यातली अंगठी, मागच्या महिन्यातलं तुझ्या काकांचं बोलणं, हे सगळं एकाच ताटात वाढलं तर कोणालाच काही पचत नाही.

हे नेहमीचं भांडण आहे की लग्नच थांबवावं, हे कसं ओळखायचं?

रंग, जेवण, मानपान, आत्याचा रुसवा यावरून कितीही भांडलात तरी ते नेहमीचं. पण कर्ज किंवा आजार लपवला, आधीचं लग्न लपवलं, नोकरी सोडायला दमदाटी केली, मोबाइल तपासू लागला, हात उचलला, पैशांची मागणी वाढत गेली, तर थांबा आणि घरी सांगा. पत्रिका वाटल्या म्हणून कोणी लग्न करू नये. छापलेल्या पत्रिका रद्दीत गेलेल्या मी पाहिल्यात, आणि त्यानंतर सुखात राहिलेल्या मुलीही पाहिल्यात. कोणाशी बोलावं हे सुचत नसेल तर महिलांसाठी १८१ हा मदतीचा क्रमांक आहे, आणि धोका वाटत असेल तर ११२.

लग्नाच्या दिवशी एकमेकांशी बोलायला मिळतं का?

नाही. म्हणून दोघांकडचा एकेक माणूस नेमा, भाऊ किंवा मैत्रीण, ज्यांच्याकडे एकमेकांचे नंबर आहेत. स्वयंपाकी, मांडववाला, बँडवाला यांचे फोन त्यांच्याकडे जाऊ द्या. तुम्ही फक्त एकमेकांना पाणी प्यायलात का विचारा.

तुम्ही स्वतःच्या लग्नात हे सगळं पाळलं होतं का?

नाही हो. आमचं लग्न मे महिन्यात होतं. जिलेबी होती, मठ्ठा हवा होता. आचाऱ्याला मठ्ठ्याचं त्याने सांगितलं असेल असं मला वाटलं, आणि मी सांगितलं असेल असं त्याला. बुधवारच्या फोनवर तीन वेळा विषय निघाला, तिन्ही वेळा दोघंही 'हो हो, बघू' म्हणालो. चारशे माणसांनी त्या उन्हात नुसती जिलेबी खाल्ली. माझे एक चुलत सासरे अजूनही आमच्याकडे जेवायला आले की बसायच्या आधी विचारतात, 'मठ्ठा कोणी सांगितलाय?'